तिथीची पाऊणपट

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच रेवसला पोहोचते, तेव्हा धरमतर खाडीच्या मुखाशी पाणी किती आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि पलीकडचे करंजा डोळ्यांसमोर असूनही पाणी चढण्याची वाट पाहावी लागते. कोकणकिनाऱ्यावरील दर्यावर्दी माणसांनी ही वेळ काढण्यासाठी एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, आणि वेळ दिवसाची असो वा रात्रीची.

जैन घरांतील मुलांना अष्टमी-चतुर्दशी फार लहानपणी कळतात. त्या दिवशी पानात हिरवी भाजी नसते, एवढे तरी त्यांच्या ध्यानात राहतेच. त्याच तिथीत समुद्राचे घड्याळ दडले आहे, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते. शाळेच्या वहीत 'आठाचे तीन चतुर्थांश किती?' हा प्रश्न रुक्ष वाटतो. 'आज अष्टमी, रेवसच्या धक्क्याला पाणी केव्हा भरेल?' हा तोच प्रश्न आहे, पण त्याच्या उत्तराची कोणीतरी वाट पाहत असते.

पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी पाठ असत. ते पाठांतर गेले, अशी हळहळ वडीलधारी मंडळी करतात. ही हळहळ अर्धीच खरी आहे. पाऊणकी घडाघडा म्हणणाऱ्या किती मुलांना तिच्याविषयी शंका विचारण्याची मुभा होती?

आणि शंकेला येथे भरपूर जागा आहे. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरली, तर पाऊणपटीने भरती सव्वाअकराला येते. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे भरती पाऊण वाजता. रोज पाऊण तासाने पुढे जाणारे पाणी त्या एका दिवसात दीड तास कसे सरकले? दहा-अकरा वर्षांचे मूल हे सहज पकडते. त्या क्षणी घरातील मोठ्या माणसाने 'सांगितले तेवढे कर' म्हटले, तर ते मूल पुढे 'माझे गणित कच्चे आहे' असे म्हणू लागते आणि घरातले सगळेच त्यावर विश्वास ठेवतात.

त्याऐवजी त्याच्या हाती पेन्सिल द्यावी. अमावास्येला आणि पौर्णिमेलाही पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. म्हणजे पंधरा तिथींत बारा तास पुरे व्हायला हवेत. बारा तासांची ७२० मिनिटे, त्यांना १५ ने भागले की ४८. पाऊण तास ४५ मिनिटांचा. दर तिथीला तीन मिनिटे कमी पडतात आणि पंधराव्या तिथीपर्यंत ती साचून ४५ होतात. हरवलेला पाऊण तास सापडला! खरा गुणक पाऊण नसून चार पंचमांश आहे. पण चार पंचमांशांचा पाढा कोणाला पाठ होता? शिवाय पाऊणकीची चूक सोयीच्या बाजूची आहे. तिच्या भरवशावर आलेला माणूस धक्क्यावर लवकर पोहोचतो, उशिरा नव्हे. अचूक उत्तर आणि उपयोगी उत्तर यांतला हा भेद मुलाला पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही.

हिशेबात असे कुतूहल पेरण्याची रीत जुनीच आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. १९६३ साली त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली. गुणाकाराच्या सरावासाठी आचार्यांना कोणत्याही संख्या घेता आल्या असत्या. त्यांनी निवडल्या त्या अशा: १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१; १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे ११११११११; २७९९४६८१ गुणिले ४४१ म्हणजे १२३४५६५४३२१. उत्तर कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच, म्हणून ते गळ्यातल्या अलंकारासारखे. कंटाळवाणा गुणाकार संपताना हाती माळ येते आणि ती जुळली नाही, तर आपले कोठेतरी चुकले हे मुलाला कोणी न रागावता कळते. ७३ ऐवजी १३७ घेऊन आठ एकांची तीच माळ ओवता येईल काय, हे त्यालाच शोधू द्यावे. (येते, दुसरी संख्या येथे मुद्दाम दिलेली नाही.)

येत्या चतुर्दशीला रेवसला जाणे झाले, तर दोन उत्तरे बरोबर न्यावीत: पाऊणकीने साडेदहा, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या हिशेबाने अकरा वाजून बारा मिनिटे. वाऱ्यामुळे आणि किनाऱ्याच्या ठेवणीमुळे थोडाफार फरक पडतोच. धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी कोठवर चढले आणि केव्हा थांबले, हे मुलाने घड्याळ लावून पाहावे व वहीत तिथीसमोर लिहून ठेवावे.