काका आणि काकतालीय

परवा रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी मारताना शेजारच्या काकांनी शोध कानावर घातला: ‘बाजारात हापूसच्या पेट्या वाढल्या की घरी लग्नपत्रिका वाढतात. वहीत तीन वर्षांचा हिशेब आहे!’ असेलही. पण आंबा खाल्ला म्हणून कुणी बोहल्यावर चढत नाही. दोन्ही गोष्टी उन्हाळा आणतो. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ पडली, तर जुने लोक त्याला काकतालीय न्याय म्हणत (यातला ‘काक’ म्हणजे कावळा, आमचे काका नव्हेत). टायलर व्हिगेन या अमेरिकनाने अभिनेता निकोलस केजचे सिनेमे आणि पोहण्याच्या तलावात पडून बुडालेल्यांची संख्या एकाच आलेखात बसवली. २०१५ साली अशा जोड्यांचं पुस्तकही काढलं. आपणही मागे नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात सर्वाधिक. आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. म्हणजे पावसाने मुली जास्त होतात? अहो, बाप्ये चाकरमानी होऊन मुंबईला गेले, त्यात पाऊस बापडा काय करणार! माझं मत स्पष्ट आहे: दोन आकडे एका तालावर नाचताना दिसले, की आधी ढोल कोण बडवतोय ते शोधावं. काकांना हे पटलं. मान डोलावून म्हणाले, ‘तरीच! यंदा मोहोर गळला आणि पत्रिकाही चारच आल्या.’