सीवाचे उदंड पाणी

वाळवंट म्हटले की घोटभर पाण्यासाठी तळमळणारा प्रवासी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु इजिप्तच्या पश्चिम सरहद्दीजवळचे सीवा नावाचे मरूद्यान ज्याने एकवार पाहिले, त्याला ही समजूत पुन्हा तपासून घ्यावी लागते. चिरंजीव नोकरीनिमित्त कैरोला असल्यामुळे यंदाच्या हिवाळ्यात आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि नात असे सहकुटुंब तेथे मुक्कामास गेलो. भूमध्य समुद्राकाठचे मर्सा मत्रूह मागे पडल्यावर सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत उजाड, पिवळट मुलुखाखेरीज काहीही दृष्टीस पडत नाही. आणि मग भूमी उतरत उतरत समुद्रसपाटीच्याही खाली जाते, व त्या विस्तीर्ण खळग्यात खजुरीच्या आणि ऑलिव्हच्या दाट बागा अन् त्यांच्या पलीकडे लखलखणारी खारी सरोवरे प्रकट होतात.

येथील अमुन देवाचा कौल प्राचीन काळी इतका प्रख्यात होता, की इ. स. पूर्व ३३१ मध्ये खुद्द सिकंदर वाळवंट तुडवीत त्यासाठी येथे आला. देवाकडून मनाजोगते उत्तर मिळाले, एवढेच त्याने बाहेर येऊन सांगितले. अघुर्मीच्या टेकडीवर त्या देवालयाचे अवशेष आजही उभे आहेत. परंतु मला अधिक नवल वाटले ते शाली या तेराव्या शतकातील गढीचे. सरोवराकाठचे मीठमिश्रित मातीचे ढेकूळ, ज्याला तेथील लोक ‘करशेफ’ म्हणतात, तेच चिखलात बसवून ही उंच घरे रचलेली आहेत. कवडशात भिंतीतले मिठाचे खडे चमकत होते, नातीने एक बोट भिंतीवर घासून जिभेला लावले आणि “आजोबा, घर खारट आहे!” असा निर्वाळा दिला. १९२६ साली येथे लागोपाठ तीन दिवस पाऊस कोसळला, तेव्हा या खारट घरांची फार पडझड झाली आणि रहिवाशांना गढीखाली नवी वस्ती करावी लागली.

मीठ काढण्यासाठी खोदलेल्या लांबट चरांत साचलेले निळे-हिरवे पाणी हे हल्ली प्रवाशांचे मुख्य आकर्षण आहे. “मला पोहता येत नाही,” असे शेवटपर्यंत बजावणाऱ्या आमच्या सौभाग्यवती त्या पाण्यावर निवांत उताण्या तरंगल्या, कारण तेथे बुडणे हेच कठीण. अंगावर वाळलेले मीठ धुण्यासाठी मात्र क्लिओपात्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोड्या झऱ्याकडे धाव घ्यावी लागली.

गोडे आणि खारे पाणी असे शेजारी शेजारी का, याचा उलगडा तेथील एका वृद्ध बागाइतदाराने केला. त्याचे बोलणे चिरंजीवांनी आम्हास समजावून दिले. पुरातन पर्जन्यकाळात भूगर्भातील वालुकाश्मात मुरलेले पाणी येथे झऱ्यांवाटे वर येते, बागा भिजवते, आणि उरलेले सखल भागातील सरोवरांत उतरते. तेथून पुढे त्याला वाट नाही. सूर्य पाणी नेतो आणि मीठ मागे ठेवतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरी बेसुमार खोदल्या गेल्या, पाणी अहोरात्र वाहू लागले, सरोवरे फुगली आणि खारेपणा बागांच्या मुळांशी येऊन ठेपला. म्हाताऱ्याने कडेच्या खजुरीचे करपलेले शेंडे दाखविले. तिच्या बुंध्याशी पांढरे पापुद्रे धरले होते.

ते पांढरे पापुद्रे मला मुळीच अपरिचित नव्हते. शिरोळ-वाळव्याकडच्या काळ्या जमिनीत, उसाला पाटाचे व उपशाचे पाणी वर्षानुवर्षे मुबलक दिल्यानंतर, असाच क्षार वर आला आणि सोन्यासारखी शिवारे नापीक झाली. पाणी आणण्याच्या योजनांना आपल्याकडे उद्घाटनाचे नारळ फुटतात. ते काढून देण्याच्या चरांना मात्र कोणी वाली नसतो. भूमिगत सच्छिद्र नळ घालून क्षारपड जमीन पुन्हा पिकाखाली आणता येते, हे आता अनुभवसिद्ध आहे; परंतु नंतरच्या त्या खर्चापेक्षा आधीचा बंदोबस्त केव्हाही स्वस्त. तेव्हा आमच्या बागाइतदार वाचकांना एवढीच विनंती, की पाण्याच्या मंजुरीसाठी अर्ज कराल तेव्हा निचऱ्याच्या चराची मागणीही त्याच अर्जात नोंदवा.