कोंबडी डालग्याखाली, कुत्रा मात्र दारात

दिवेलागणीच्या वेळची आपल्या घरातली गडबड जरा डोळ्यांसमोर आणा. कोंबड्या डालग्याखाली जातात. शेळ्या-करडं आत येतात, वासरू आतल्या खुंट्याला बांधलं जातं. दोरीवरचे कपडे, अंगणातली भांडी, अगदी पोरांच्या चपलासुद्धा आपण आठवणीनं आत घेतो. बाहेर राहतो तो एकटा कुत्रा. 'तो राखणीला आहे ना!' असं म्हणत त्याची साखळी ओट्याच्या खांबाला अडकवायची, भाकरीचा तुकडा टाकायचा आणि दाराला कडी लावायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज.

मी राहते त्या जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या पट्ट्यात सकाळी कधी कधी नुसती तुटलेली साखळी सापडते. 'रात्री वाघानं कुत्रा नेला,' असं शेजारीण सांगते. आमच्याकडे बोलताना बिबट्यालाही वाघच म्हणतात. घरातली पोरं दोन दिवस जेवत नाहीत, मोठी माणसं हळहळतात आणि महिन्याभरात दुसरं पिल्लू येतं. तेही मोठं झालं की त्याच खांबाला, त्याच साखळीला बांधलं जातं. मला आज बोलायचंय ते या साखळीबद्दल. माझं म्हणणं तुम्हाला कठोर वाटेल, पण बिबट्याच्या मुलखात रात्री दारात बांधलेला कुत्रा राखणदार राहत नाही, तो आमिष होतो.

हे मी मनानं सांगत नाही. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. हा बिबट्या नेमकं खातो काय, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वजनाच्या हिशेबानं पाहिलं, तर बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा होता ११ टक्के. आता यातली गंमत बघा. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! मग शेळ्या का वाचल्या? कारण शेळ्या रात्री बंद असतात आणि कुत्री बाहेर मोकळी असतात. म्हणजे जे आपण आत घेतो, ते बऱ्याच अंशी वाचतं. आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या शेळीसाठी जे केलं, तेच कुत्र्यासाठी करायचं राहून गेलं आहे.

बिबट्या कुत्र्याशी समोरासमोर झुंजत नाही. तो दबा धरतो, जवळ सरकतो आणि झेप घेऊन थेट गळा धरतो. गावठी कुत्रा कितीही शूर असला, तरी वजनात तो बिबट्याच्या निम्म्यानंही भरत नाही. मोकळा असता तर निदान पळाला असता, ओट्याखाली शिरला असता. साखळीनं ती वाटही बंद होते. शिवाय रोज एकाच जागी, एकाच वेळी बांधलेलं जनावर बिबट्याच्या ध्यानात राहतं. एकदा मिळालं की तो पुन्हा त्याच दारात येतो. आणि त्याच दारात आपण पहाटे चूल पेटवायला, भांडी घासायला, पाणी भरायला एकट्या बाहेर पडतो. पोरं अंधारात लघवीला त्याच अंगणात जातात. म्हणून कुत्र्याचं रक्षण हा नुसता भूतदयेचा प्रश्न नाही. बिबट्याला आपल्या उंबऱ्यापर्यंत यायची सवय लागू द्यायची की नाही, हा प्रश्न आहे.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. दोन मुलं आणि एक आजी. ते हल्ले कुत्र्यामुळे झाले असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्यानंतर गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर निघालेल्या माणसांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. हिमाचल-उत्तराखंडातले मेंढपाळ असेच लोखंडी पट्टे आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात घालतात. बिबट्या गळाच धरतो हे त्यांना ठाऊक आहे. कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला, इतकी भीती आमच्या शिवारात आहे. अशा वेळी 'कुत्र्याचं काय एवढं!' म्हणून चालत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, अंधार पडायच्या आत कुत्रा आत. पडवी बंद होत असेल तर पडवीत, नाही तर गोठ्यात. तीही सोय नसेल तर भिंतीला लागून एक खोपटं करा, पण ते चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवं. नुसत्या कंपाउंडच्या भिंतीचा उपयोग नाही. माणसाच्या उंचीची भिंत बिबट्याला भिंतच वाटत नाही. जाळी मजबूत आणि बारीक घ्या, म्हणजे पंजा आत जाणार नाही. खालचे दोन-अडीच फूट पत्रा किंवा फळी लावा, म्हणजे झोपलेला कुत्रा बाहेरून दिसत नाही. खाली फरशी किंवा दगड बसवा, दाराला पक्की कडी लावा. उन्हाळ्यात हवा खेळेल आणि पाणी राहील एवढं बघा. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी मोडलेल्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणि उरलेली जाळी वापरून असं खोपटं उभं केलं. त्यांचे यजमान म्हणाले, "आत कोंडलेला कुत्रा राखण काय करणार?" मावशींनी विचारलं, "तो दातानं राखण करतो की कानानं?"

हाच मुद्दा आहे बघा. कुत्र्याची खरी राखण त्याच्या कानात आणि नाकात असते. जाळीच्या आतूनही त्याला चाहूल लागते, आतूनही तो भुंकतो, आणि आपण जागे होतो. तो भुंकला म्हणून लगेच दार उघडून अंधारात धावू मात्र नका. आधी दिवा लावा, खिडकीतून टॉर्च मारा, आतूनच आवाज द्या.

दुसरं म्हणजे खाणं. कुत्र्याला जेवण उजेडी, आतच द्या. खरकटं, मटणाची हाडं, मेलेली कोंबडी घरामागं टाकली की गावभरची कुत्री तिथं गोळा होतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. पिल्लं असतील तर अधिक जपा, त्यांचं केकाटणं लांबवर ऐकू जातं. दर वर्षी पिल्लांची पलटण नको असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नसबंदीची चौकशी करा.

तिसरं, शेतावर जाताना. उसाच्या कडेनं कुत्रा मोकळा सोडू नका. कुकडीच्या पाण्यानं आमच्याकडे ऊस वाढला आणि वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालू लागली. तोडणीच्या दिवसांत तर फारच सावध राहायला हवं. कुत्रा वास काढत पिल्लांपर्यंत गेला, तर मादी त्याच्यावर येते. घाबरलेला कुत्रा पळत येतो तो थेट आपल्याकडेच, आणि त्याच्यामागं ती! म्हणून साखळी हातात ठेवा, पण मनगटाला गुंडाळू नका. ओढाताण झालीच तर ती सोडून देता आली पाहिजे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्या जाऊ नका. मोठ्यानं बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुतेक वेळा स्वतःच वाट सोडतो.

तरीही समोर आलाच तर पळायचं नाही. वाकायचं नाही, बसायचं नाही. बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. लेकरू सोबत असेल तर आधी त्याला जवळ घ्या. कुत्र्याला आखूड धरून मागं ठेवा, हात वर करून मोठ्यानं ओरडा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं सरका. त्याची निघून जायची वाट अडवू नका. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, त्यानं कुत्रा धरलाच तर मागं धावू नका. दारातून, गच्चीतून ताटं वाजवा, आरडाओरडा करा, उजेड टाका. कधी कधी तो सोडून जातो. पण काठी घेऊन जवळ जायचं नाही. हे पोरांना आधीच, शांतपणे समजावून सांगा. कारण लाडक्या कुत्र्याच्या मागं पहिलं धावतं ते घरातलं लेकरूच.

कुत्रा जखमी होऊन वाचला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सुळ्यांची भोकं वरून बारीक दिसतात, पण आत खोल असतात. नुसती हळद भरून भागत नाही. जखमेला उघड्या हातानं शिवू नका, नंतर साबणानं हात धुवा. रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना कुत्र्यासाठी विचारा आणि स्वतःसाठीही. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी गेली तर पंचनामा होऊन भरपाई मिळते. कुत्र्याची मिळत नाही, पण बिबट्या कुठं फिरतोय याची नोंद झालेली आपल्याच उपयोगाची असते.

अशा वेळी गावात पहिली मागणी होते ती 'पिंजरा लावा, बिबट्या न्या' अशी. माणसांवर हल्ले करणारा बिबट्या पकडायलाच हवा, यात वाद नाही. पण दिसेल तो पकडून दुसरीकडे सोडायचा प्रयोग आमच्या जुन्नरनं अनुभवला आहे. २००१ ते २००३ या काळात बिबटे मोठ्या संख्येनं पकडले गेले, अनेक लांब नेऊन सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले, असं याच विषयावरच्या २०११ च्या अभ्यासात नोंदवलं आहे. नवख्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरं येतं. दारात आमिष तसंच असेल, तर पिंजऱ्यानं किती दिवस निभणार?

म्हणून मैत्रिणींनो, हा विषय एकेका अंगणात संपत नाही. आपल्या घरचा कुत्रा आत घेतला आणि गावाच्या कोपऱ्यावर कोंबडीच्या दुकानाचा कचरा तसाच राहिला, तर बिबट्या येतच राहील. ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा बायकांच्या आहेत. येत्या ग्रामसभेत विचारा की कचरा कुठं जातो, वस्तीच्या वाटेवर दिवे कधी लागणार, मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचं काय झालं, शेतीपंपाला दिवसा वीज का नाही. बचत गटातून शेळी घ्यायला कर्ज काढतो, तसं चार घरांनी मिळून जाळीचा एक गठ्ठा आणायलाही हरकत नाही. आणि जाळी ठोकायला घरातल्या पुरुषांना बोलवा बरं का! राखण ही काही एकट्या कुत्र्याची आणि एकट्या बाईची नोकरी नाही.