धावणारा मुधोळ आणि उभा मुधोळ

मागील हिवाळ्यात एका मोठ्या शहरातील श्वान-प्रदर्शनास जाण्याचा आम्हांस योग आला. रिंगणात अकरा मुधोळ कुत्रे उभे होते. अंगावर तकाकी, माना उंच, मागचे पाय ताणून ठेवलेले. परीक्षकांनी प्रत्येकाचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरविला, दोन फेऱ्या मारावयास लावल्या आणि एकाच्या मालकाच्या हाती फीत दिली. सर्वांबरोबर आम्हीही टाळ्या वाजविल्या. परतताना मात्र एकच प्रश्न मनात घर करून राहिला : या अकरांपैकी एक तरी कुत्रा उघड्या माळावर जीव तोडून कधी धावला असेल काय?

मुधोळ हे आपणांपैकी अनेकांना परके गाव नव्हे. घटप्रभेच्या खोऱ्यातील हे घोरपड्यांचे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, १९५६ च्या पुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर लोकांजवळचे शिकारी कुत्रे हेरले, निवडून त्यांची पैदास केली आणि या वंशाला नाव मिळवून दिले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राजांनी ते कुत्रे निवडले ते रूपावर भाळून नव्हे. ते पळत होते, म्हणून निवडले.

हाच कुत्रा सोलापूर-मराठवाड्याकडे 'कारवान' म्हणून ओळखला जातो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो कॅरव्हॅन हाउंड आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी मुधोळ हाउंड. नावाच्या या वादात अनेकांची शाई खर्ची पडली आहे. आम्हांस त्यात रस नाही. नाव कोणतेही द्या; आमचा वाद कुत्र्याच्या आत काय उरले आहे, याविषयी आहे.

नजरेने सावज टिपून वेगाने पाठलाग करणे हे या कुत्र्याचे मूळ काम. त्याचे सारे शरीर त्या कामाने घडविले आहे. छाती खोल, कारण फुफ्फुसांना आणि हृदयाला जागा हवी. पोट वर ओढलेले, कंबर लांब आणि लवचीक, कारण भरधाव धावताना पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो; प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात. डोके अरुंद व लांबट, अंगावर चरबी नाही, केस आखूड. यांतील एकही गोष्ट शोभेसाठी नाही. रूप हे येथे कामाचे फळ आहे. प्रदर्शनाचा दोष हा, की तेथे फळालाच बीज समजले जाते.

परीक्षकाला एका कुत्र्यासाठी दोन-चार मिनिटे मिळतात. तेवढ्यात उंची दिसते, रंग दिसतो, मानेचा बाक दिसतो. उन्हातला दम दिसत नाही. काटेकुटे आणि खडे तुडविणाऱ्या तळव्यांचा कणखरपणा दिसत नाही. आडव्या आलेल्या ओघळीवरून क्षणात दिशा बदलण्याची बुद्धी दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याची निवड होत नाही. ज्याची निवड होत नाही ते पिढ्यान् पिढ्या विरत जाते. हा कोणाच्या दुष्टाव्याचा परिणाम नव्हे. पैदाशीचे गणितच असे आहे. शिवाय अनोळखी माणसाचा हात या कुत्र्याला मुळात रुचत नाही. रिंगणात मात्र तो हात मुकाट्याने सोसणाराच पुढे जातो. म्हणजे स्वभावही हळूहळू बदलला जातो आणि आपण त्यास 'सुधारणा' म्हणतो!

हे भय काल्पनिक नाही. जर्मनीत १८९९ साली कॅप्टन माक्स फोन स्टेफानिट्झ यांनी जर्मन शेपर्डचा संघ स्थापिला, तो उपयुक्तता हीच कसोटी मानून. मेंढ्या राखणारा तो कुत्रा. पुढे प्रदर्शनाचे एक कूळ आणि कामाचे एक कूळ असे दोन तट पडले. कामाच्या कुळाची पाठ बहुधा सरळ राहिली. प्रदर्शनाच्या कुळाची पाठ मागे उतरत गेली आणि मागचे पाय वाकत गेले. २०१६ साली इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात या जातीतील सर्वोत्तम ठरलेली कुत्री धड चालताना दिसेना, तेव्हा केवढा गदारोळ उठला! आणि जर्मनीत तर पैदाशीपूर्वी कामाची परीक्षा सक्तीची होती. परीक्षा केवळ उपचार म्हणून उरली की ती कुत्र्याला वाचवू शकत नाही, हाही त्यातील धडा आहे.

उलट उदाहरण बॉर्डर कॉलीचे. १८७३ साली वेल्समधील बाला येथे मेंढ्या वळविण्याच्या चाचण्या सुरू झाल्या आणि १९०६ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटीने आपली वंशावळ कामावर उभी केली. कागद नसलेल्या कुत्र्यानेही कामातील गुण सिद्ध केल्यास त्याची नोंद होण्याची वाट तिने मोकळी ठेवली. अमेरिकन केनेल क्लबने १९९५ साली या जातीला मान्यता दिली, तेव्हा मेंढपाळांनीच तीव्र विरोध केला. 'आमचा कुत्रा सुंदर ठरवू नका' असे म्हणणारी ती माणसे वेडी नव्हती.

आमच्या विरोधकांचे दोन आक्षेप आम्ही जाणून आहोत. पहिला असा, की प्रदर्शनांनीच या कुत्र्याला अज्ञातवासातून बाहेर काढले. यात तथ्य आहे. वंशावळी लिहिल्या गेल्या, किंमत आली, २००५ साली टपाल तिकिटावर त्याचे चित्र झळकले. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. तथापि चित्राला धावावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. मग काम उरले कोठे? शिकार बंद झाली हे योग्यच झाले, आणि ती पुन्हा सुरू व्हावी असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु काम संपलेले नाही. २०१६ साली सैन्याने मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या 'रिया' नावाच्या मुधोळ कुत्रीने माग काढण्याच्या कामात विदेशी जातींना मागे टाकले. या दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र टेकनपूरला, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरकरांच्या उंबरठ्यावर आहे. आणि धनगराच्या वाड्याला, शेतकऱ्याच्या मळ्याला राखणदार आजही लागतोच.

आमच्या आजोळी, जमखंडीजवळच्या मळ्यात, काशी नावाची एक कुत्री होती. कान फाटलेला, गुडघ्यावर जुन्या जखमांचे वण, रंग धुळीचा. दिवसभर ती गोठ्याच्या सावलीत डोळे मिटून पडलेली असे. बांधावर कोल्हा दिसला की मात्र ती उठलेली कोणाला दिसतच नसे. ती एकदम बांधावरच दिसे. तिच्या कारकिर्दीत आजोबांची एक शेळी गेली नाही. त्या प्रदर्शनात काशीला दाराशीच अडविले असते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या कुत्र्याला विजेतेपद द्यावयाचे, त्याला आधी मैदानात धाववा. यंत्राने ओढलेल्या खोट्या सावजामागे धावण्याच्या चाचण्या परदेशांत नित्य होतात. त्यात कोणाचा जीव जात नाही. मात्र ती चाचणी लोकांसमक्ष आणि कठोर असावी, जर्मनीसारखा उपचार नव्हे. परीक्षकांच्या पंक्तीला एखादा जुना धनगर वा शेतकरी बसवा. खेड्यांतील कागद नसलेल्या कर्त्या कुत्र्यांची गुणावर नोंद करा. खरे रक्त तेथेच उरले आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहेच. क्लबांनी त्याच्याशी भांडणे सोडून हात मिळवावा.

आणि थोडे आपल्यासाठीही. आपल्यापैकी ज्यांच्या वाड्यात वा बंगल्यात मुधोळचे पिल्लू यावयाचे असेल, त्यांनी विकणाऱ्याला फितींची संख्या विचारू नये. पिल्लाची आई धावताना दाखवा, एवढेच म्हणावे. तो दाखवू शकला नाही, तर रिकाम्या हाताने परत यावे. अशी दहा घरे जरी रिकाम्या हाताने परतली, तरी पैदास करणारे आपली कुत्री माळावर नेऊ लागतील.