नागरिकत्व आणि जन्मस्थानाचा अडसर

परदेशात जन्मलेल्या माणसाला आपला नागरिक म्हणून स्वीकारण्यापूर्वी राष्ट्राने काही अटी घालाव्यात, हे रास्तच होय. अमेरिकेच्या अटी वरकरणी जाचक नाहीत. अर्जदाराचे वय किमान १८ असावे. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीनकार्ड, मिळाल्यावर सर्वसाधारणपणे ५ वर्षे त्याने तेथे काढलेली असावीत. वर्तन चांगले असावे. इंग्रजीचे व त्या देशाच्या इतिहासाचे, राज्यव्यवस्थेचे जुजबी ज्ञान असावे आणि निष्ठेची शपथ घेण्याची तयारी असावी.

या अटींत आज वंशाचा उल्लेख नाही. पूर्वी तो होता. १७९० च्या कायद्याने हा अधिकार केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींना दिला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांना तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये याच आधारावर अपात्र ठरविले. भारतीयांना हा हक्क मिळण्यास १९४६ साल उजाडावे लागले.

वंशाची अट गेली, तरी जन्मस्थानाचा अडसर वेगळ्या रूपाने कायम आहे. ५ वर्षांची गणना ग्रीनकार्डापासून सुरू होते आणि ते मिळणेच दुष्कर झाले आहे. १९९० च्या कायद्यान्वये नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० परवाने दिले जातात. त्यांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा सामान्यतः ७ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. भारतासारख्या खंडप्राय देशाला आणि एखाद्या चिमुकल्या बेटाला कमाल मर्यादा एकच! परिणामी पुण्याहून वा हैदराबादहून गेलेला अभियंता वर्षानुवर्षे कर भरतो, संसार थाटतो, तरी कायद्याच्या लेखी तो तात्पुरताच राहतो. त्याने सोबत नेलेले मूल तेथल्याच शाळेत वाढते आणि रांग सरण्यापूर्वीच २१ वर्षांचे झाले, तर पुष्कळदा पित्याच्या अर्जावरील त्याचा हक्कच संपुष्टात येतो.

एकाच देशाची मक्तेदारी होऊ नये म्हणून ही मर्यादा हवी, असे तिचे समर्थक म्हणतात. परंतु हे परवाने कौशल्यासाठी आहेत. कौशल्याला जन्मगाव नसते. शिवाय परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. एवढी किंमत मोजण्यास सिद्ध झालेल्या माणसाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जन्मदेशाची मर्यादा काढून टाकावी आणि कायदेशीर वास्तव्याची सारी वर्षे पात्रतेत मोजावीत, हाच न्याय ठरेल.