रस्सा उरला तरी चालेल

गेल्या फेब्रुवारीत एका वैद्यकीय परिषदेसाठी जपानला गेले होते. टोकियोतलं काम आटोपल्यावर एका जुन्या सहकारी डॉक्टरबाईंच्या आग्रहावरून दोन दिवस यामागाता शहरात राहिले. टोकियोहून शिंकान्सेननं अडीच-पावणेतीन तास उत्तरेला. चहूबाजूंनी डोंगर आणि रस्त्याच्या कडेला कंबरभर बर्फ. जपान सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत, बाहेर जाऊन रामेन खाण्यावर सर्वाधिक खर्च करणारं शहर म्हणून अलीकडे या यामागाताचंच नाव वर येतं. त्यामुळे पहिल्याच दुपारी यजमानबाई मला एका रामेनच्या दुकानात घेऊन गेल्या.

दुकान कसलं, आपल्याकडच्या चहाच्या टपरीला भिंती आणि दार लावावं एवढीच जागा. एक लाकडी फळी, तिच्यासमोर आठ स्टुलं, पलीकडे वाफेत उभे असलेले मालक आणि त्यांची बायको. दाराशी असलेल्या यंत्रात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, निघालेलं तिकीट फळीवर ठेवायचं. एका वाडग्याचे आठशे येन, म्हणजे साधारण साडेचारशे रुपये. जपानच्या मानानं हे स्वस्तच. पिठाचे, मांसाचे आणि गॅसचे भाव कितीही वाढले तरी एका वाडग्याला हजार येनच्या वर नेलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती तिथल्या रामेनवाल्यांना कायम असते. या भीतीला तिकडे ‘हजार येनची भिंत’ असंच म्हणतात.

पाच-सहा मिनिटांत वाडगा समोर आला. वर डुकराच्या मांसाचे दोन पातळ काप, आंबवलेले बांबूचे कोंब, पातीचा कांदा. खाली पिवळसर नूडल्स आणि त्याखाली सोया सॉसचा तपकिरी, नितळ रस्सा. बाहेर शून्याखाली तापमान आणि हातात हा वाडगा. मी नूडल्स संपवल्या, मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून रस्सा तोंडाला लावला आणि निम्म्यावर आल्यावर शेजारी लक्ष गेलं. पंचाहत्तरीचे एक आजोबा जेवण आटोपून उठत होते. त्यांच्या वाडग्यात नूडलचा एक तुकडाही नव्हता, पण रस्सा जवळजवळ तसाच होता. त्यांनी मालकांना हात जोडल्यासारखं केलं, ‘गोचिसोसामा’ म्हणाले आणि गेले.

मला ते खटकलं. एवढा चांगला रस्सा टाकून गेले? यजमानबाईंना मी विचारलं आणि त्यांनी माझा प्रश्न मालकांपुढे ठेवला. मालक हसले. त्यांच्या उत्तराचा मतलब असा: “हे वीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. आधी शेवटचा थेंबही ठेवत नसत. मग रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी सांगितलं. आता रस्सा ठेवतात. पण यायचे थांबले नाहीत ना!”

मी वाडगा खाली ठेवला. कारण रक्तदाबाच्या गोळ्या मीही घेते.

रामेनच्या रश्श्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. हाडं, कोंबडी, सुके मासे, समुद्रशेवाळ हे सगळं तासन्‌तास उकळून जो अर्क तयार होतो, त्यात मीठ जवळजवळ नसतं. मीठ असतं ते ‘तारे’ नावाच्या वेगळ्या मसाल्यात. सोया सॉस, मीठ किंवा मिसो यांचं हे दाट मिश्रण आधी वाडग्याच्या तळाशी घालतात आणि त्यावर गरम अर्क ओततात. एका वाडग्यात साधारण पाच-सहा ग्रॅम मीठ असतं, काही दुकानांत त्याहूनही जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे एका वाडग्यात दिवसाचा कोटा संपला. मात्र या मिठातलं निम्म्याहून अधिक मीठ रश्श्यात असतं. नूडल्स खाऊन रस्सा सोडला, तर दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात जायचं वाचतं. त्यासाठी ना औषध लागतं, ना पथ्याचं वेगळं जेवण.

उरलेलं मीठ नूडल्समध्ये आणि वरच्या जिनसांत असतं. नूडल्सचं पीठ मळताना ‘कान्सुई’ नावाचा खार घालतात. तो म्हणजे मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. आपल्या पापडखाराचाच भाऊबंद. त्यामुळे पिठाला चिवटपणा येतो आणि गव्हातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. बघणाऱ्याला वाटतं अंडं घातलंय, पण तो रंग बहुतेक वेळा खाराचाच.

या शहरातल्या रामेनचा थेट अभ्यासही झालेला आहे. यामागाता प्रांतातल्या चाळिशीपुढच्या ६ हजार ७०० हून अधिक लोकांची माहिती संशोधकांनी तपासली आणि निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध केले. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा रामेन खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, पण संपूर्ण गटाचा विचार करता तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तो ठळक दिसला तो काही उपगटांत: सत्तरीच्या आतले लोक, मद्य घेणारे आणि अर्ध्याहून अधिक रस्सा पिणारे. आठवड्यातून एक-दोनदा खाणाऱ्यांना मात्र जास्त धोका दिसला नाही.

अशा बातमीचा मथळा ‘रामेन खाल्ल्यानं मृत्यू’ असा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सावधपणे वाचायला हवं. पाठपुरावा सरासरी साडेचार वर्षांचाच होता आणि त्या काळात दीडशेच्या आत मृत्यू झाले. वारंवार रामेन खाणाऱ्यांमध्ये पुरुष, धूम्रपान करणारे, मद्य घेणारे आणि वजन जास्त असणारे अधिक होते. त्यातला दोष नेमका रामेनचा किती आणि बाकीच्या सवयींचा किती, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही. पण मीठ आणि रक्तदाब यांचं नातं या एका अभ्यासावर अवलंबून नाही. रक्तात सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो आणि वर्षानुवर्षं तो चढा राहिला की मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना त्याची किंमत मोजावी लागते.

उत्तर जपाननं ही किंमत मोजलेली आहे. लांबलचक हिवाळ्यात शेतं बर्फाखाली, मग वर्षभराच्या भाज्या मिठात मुरवून ठेवायच्या. भात, मिसोचं सूप आणि खारवलेली भाजी हे रोजचं जेवण. १९६०मध्ये लुइस डाल या अमेरिकन डॉक्टरनं प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, यामागाताच्या शेजारच्या अकिता भागात माणशी दिवसाला पंचवीस ग्रॅमहून अधिक मीठ खाल्लं जात होतं. १९५१पासून १९८०पर्यंत जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात, म्हणजे मेंदूतला रक्तस्राव किंवा रक्तपुरवठा तुटणं, हेच होतं. आज आपण ज्यांच्या दीर्घायुष्याचे गोडवे गातो त्याच देशाची ही गोष्ट आहे.

ते बदललं कसं? अकितातल्या इकावा या गावात १९६३पासून डॉक्टरांनी गावकऱ्यांचे रक्तदाब मोजायला, औषधं द्यायला आणि मीठ कमी करण्याविषयी बोलायला सुरुवात केली. मध्य जपानातल्या नागानो प्रांतात आरोग्यसेविका आणि गावच्या स्वयंसेविका घरोघरी जाऊन मिसो सूपमधलं मीठ मोजत. ‘सूप बंद करा’ असं त्या म्हणत नसत. त्यांचा सल्ला असे: दिवसाला एकच वाटी घ्या आणि त्यात भाज्या भरपूर घाला, म्हणजे पाणी कमी मावेल. याच प्रांतातल्या साकूचे डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी गावात नाटकं करून आरोग्याचे धडे देत. त्यांना १९७६मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरोघरी फ्रिज आले आणि खारवून ठेवण्याची गरजच कमी झाली, हाही मोठा भाग. २०१०च्या आकडेवारीत नागानो प्रांत स्त्री आणि पुरुष दोघांच्याही आयुर्मानात देशात पहिला होता. तरीही जपानी माणूस अजून दिवसाला सरासरी दहा ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. काम संपलेलं नाही.

या सगळ्यातून मी काय घेतलं? आरोग्याचा सल्ला देताना आम्ही डॉक्टर मंडळी फार लवकर ‘बंद करा’वर येतो. रामेन बंद, मिसळ बंद, वडापाव बंद. ज्याच्या खिशात मोठ्या हॉटेलचे पैसे नाहीत, ज्याला घरी गरम वाढणारं कोणी नाही, त्याच्यासाठी आठशे येनचा वाडगा म्हणजे जेवण आहे. त्या आठ स्टुलांवर मी पाहिलेली सगळी माणसं एकेकटी आलेली होती: बांधकामावरचा कामगार, विद्यार्थी, ते आजोबा. मालकीणबाई प्रत्येकाला नजर वर करून बोलत होत्या. म्हातारपणी एकट्या माणसाला आठवड्यातून दोनदा बर्फातून चालत कुठे तरी जावंसं वाटणं आणि तिथे कोणी तरी ओळखणं हेही आरोग्यच आहे. ते दुकान बंद करायला सांगणारा सल्ला मला पटत नाही. रस्सा ठेवायला सांगणारा पटतो.

पण तो पाळणं अवघड आहे, आणि अडचण जिभेची नाही. अडचण संस्काराची आहे. आमच्या वडिलांनी आम्हाला शिकवलं, पानात काही टाकायचं नाही. जेवण संपत आलं की ते ताट तिरपं करून उरलेली आमटी वाटीत घेत आणि पिऊन टाकत. लोणच्याचा खारसुद्धा बोटानं पुसून घेत. टंचाई पाहिलेल्या पिढीचं ते शहाणपण होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. एकसष्टाव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पुढची सात वर्षं आई त्यांना भरवत होती. एकट्या मिठामुळे असं झालं असं मी डॉक्टर म्हणून म्हणू शकत नाही, कारण तपासणीही वेळेवर झाली नव्हती. पण त्या तिरप्या ताटाची आठवण आली की आजही घास अडकतो.

जपानी भाषेत ‘मोत्ताइनाइ’ असा शब्द आहे. वाया घालवल्याची हळहळ, असा त्याचा अर्थ. म्हणजे तिकडेही ते आजोबा रस्सा सहज ठेवत नसणार. त्यांनाही कोणी तरी लहानपणी वाडगा रिकामा करायला शिकवलंच असेल. तरी ते शिकले. अन्न वाया जाऊ नये हे खरं, पण आपलं शरीर म्हणजे उरलंसुरलं ओतायची बादली नव्हे. जे मीठ पोटात जाऊन मूत्रपिंडाला राबवणार, ते वाडग्यात राहिलं काय आणि पोटात गेलं काय, वाया दोन्हीकडे जाणारच आहे. पोटात गेलं तर जाता जाता नुकसान करून जाईल, एवढाच फरक.

खरी काटकसर आधीच करावी. अनेक रामेन दुकानांत ‘अजी उसुमे’, म्हणजे चव जरा फिकी, असं सांगता येतं. मग मालक तळाशी तारे कमी घालतात. चव त्यामुळे मरत नाही, कारण तिचा मोठा भाग मिठाचा नसतोच. १९०८मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. १९१३मध्ये शिंतारो कोदामा यांना सुक्या माशातला असाच घटक सापडला. हे दोन्ही एकत्र आले की चव कित्येक पटींनी खुलते. उत्तम उकळलेल्या अर्काला कमी मीठ पुरतं ते म्हणूनच. मिठाचा मारा बहुतेकदा कच्च्या अर्काची झाकपाक करतो.

भारतीय माणूसही वेगवेगळ्या पाहण्यांनुसार दिवसाला आठ ते अकरा ग्रॅम मीठ खातो. मिसळीची तर्री, पावभाजीवरचं लोणी, ताटातला पापड सोडायला मी कोणाला सांगणार नाही. मिसळ खा, पण दुसऱ्यांदा मागवलेला रस्सा ओरपू नका. पापड खाणार असाल तर त्या दिवशी लोणचं नको. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, त्यांचं माप वेगळं असतं. आणि चाळिशी ओलांडली असेल तर या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या. तो वाढल्याचं बहुतेकांना जाणवत नाही.

दुसऱ्या दिवशी परत त्याच दुकानात गेले. शिकून गेलेले दोन शब्द मालकांना ऐकवले: “अजी उसुमे.” त्यांनी मान डोलावली. नूडल्स संपवल्या, चवीपुरते चार घोट घेतले आणि वाडगा खाली ठेवला. उठताना मागे वळून पाहिलंच. वडील असते तर रागावले असते.

पण ते असते, हेच तर मला हवं होतं.