आधी मापाची घ्या, मग भारी घ्या!

पहिली रोड बाइक घ्यायचा विचार चाललाय ना? मग आतापर्यंत चार-पाच रिव्ह्यू व्हिडिओ बघून झाले असतील, कार्बन की अ‍ॅल्युमिनियम यावर कट्ट्यावर वाद झाला असेल आणि घरी चहाच्या वेळी बजेटचा विषयही हळूच काढून पाहिला असेल. एक प्रश्न मात्र बहुतेक जण स्वतःला विचारतच नाहीत. माझं माप काय?

आठ नंबरच्या पायाला सहाचा बूट आपण घेत नाही, कितीही डिस्काउंट असला तरी. पन्नास-साठ हजारांची सायकल मात्र ‘कलर एक नंबर आहे’ आणि ‘शेवटचा पीस राहिलाय’ एवढ्यावर उचलतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, हौशी सायकलस्वाराने पैसे आणि वेळ सगळ्यात आधी मापावर घालवावा. ब्रँड, वजन, गिअरसेट हे सगळं त्याच्यानंतर.

हा नुसता आरामाचा विषय नाही. दोन महिने चालवून सायकल सोडून देणारे मित्र-मैत्रिणी प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतात. त्यांना विचारा, ‘गुडघा दुखायला लागला’, ‘पाठ धरली’, ‘बोटांना मुंग्या येतात’ हीच उत्तरं मिळतील. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, ‘आपला स्टॅमिनाच नाही रे.’ अनेकदा स्टॅमिना व्यवस्थित असतो, सीटची उंची चुकलेली असते. पण दोष स्वतःच्या शरीराला दिला जातो आणि सायकल गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या कामाला येते. आई-बाबांचे पैसे गेले ते वेगळंच.

माप घ्यायला मोठी लॅब लागत नाही. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा. एक जाडसर पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कण्याची बाजू वर करून, घट्ट दाबून धरा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला 0.883 ने गुणा. पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या भागापर्यंत साधारण तेवढं अंतर हवं. माप 80 सेंटिमीटर आलं तर उत्तर 70.6. हा आकडा म्हणजे सुरुवात, शेवटचा शब्द नाही. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चालवताना तळपायाचा पुढचा भाग पॅडलवर आला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो.

त्यानंतर शरीर सांगेल ते ऐका. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खूप खाली असू शकते. गुडघ्यामागे ओढ बसत असेल किंवा पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट जास्त वर गेलीय. हात बधिर होत असतील तर हँडल लांब किंवा खाली असल्यामुळे अंगाचा भार तळहातांवर येत असावा. एका वेळी एकच बदल करा, तोही चार-पाच मिलिमीटरचा. दुखणं तरीही थांबलं नाही तर मात्र व्हिडिओ बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

‘फिटिंग काय, नंतर करून देऊ,’ असं दुकानदार म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. सीट वर-खाली, पुढे-मागे होते. हँडल धरणारा स्टेम बदलून एक-दोन सेंटिमीटर मिळतात. फ्रेम मात्र बदलत नाही. सगळ्यात जास्त फटका बसतो तो कमी उंचीच्या मुलींना. लहान साइज स्टॉकमध्ये नसली की ‘सीट खाली करून देतो, बसेल बरोबर’ म्हणत मोठी फ्रेम गळ्यात मारली जाते. सीट खाली येते, पण हँडल तिथेच लांब राहतं. मैत्रिणींनो, अशा वेळी सरळ ‘नको’ म्हणा आणि साइज मागवून घ्या. आणि एका कंपनीची 52 म्हणजे दुसऱ्या कंपनीचीही 52 असं समजू नका. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो.

आता तुम्ही म्हणाल, भारी सायकल असली की चालवायचा हुरूप येतो. येतो ना! पण किती दिवस? व्यावसायिक शर्यतींतसुद्धा सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही, तसा नियमच आहे. सुरुवातीच्या किमतीतली अ‍ॅल्युमिनियमची सायकल दहा किलोच्या आसपास भरते. मधल्या त्या तीन किलोंसाठी काही लाख घालवण्यापेक्षा वडापाव थोडे कमी करणं स्वस्त पडेल.

त्याऐवजी दोन गोष्टी बघा. पहिली, सोपा गिअर. पुढे 50-34 दात्यांची चक्रं आणि मागे सगळ्यात मोठं चक्र 32 किंवा 34 दात्यांचं असेल तर सिंहगडाचा चढ रडत नाही, बसून चढता येतो. दुसरी, टायर. आपल्या रस्त्यांवर 23 मिलिमीटरच्या बारीक टायरचा हट्ट कशाला? 28 किंवा फ्रेममध्ये मावत असेल तर 32 घ्या. हवा थोडी कमी ठेवता येते, खड्डे कमी जाणवतात. आणि एक पंप घरात हवाच. बऱ्याच रोड बाइकचा वॉल्व्ह बारीक असतो, पेट्रोल पंपावरची नळी त्याला थेट बसत नाही. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा तर सायकलसोबतच्याच बिलात घ्या. ‘पुढच्या महिन्यात घेतो’ चालणार नाही.

राहिला आनंदाचा मुद्दा. अ‍ॅपवरचा सरासरी वेग हा आपल्या हौसेचा निकाल नाही. ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड्स असतात. त्यात 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे चहा, पोहे, पंक्चर सगळं धरून ताशी साधारण पंधराचा वेग पुरतो. पहिला-दुसरा नंबर नसतोच. वेळेत पोहोचलात, झालं! नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे दोघे भाऊ डॉक्टर. सायकल हा काही त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. तरी 2015 मध्ये त्यांनी दोघांच्या टीमने अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. हौस किती लांब जाऊ शकते याचं एवढं मोठं उदाहरण आपल्या शेजारी आहे. पण इतकं लांब जायचं तर आधी रोज त्या सीटवर बसावंसं वाटलं पाहिजे.

म्हणून दुकानात जाताना इंचटेपने घेतलेलं माप मोबाइलमध्ये लिहून न्या. किमान पंधरा मिनिटं चालवून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान आहेच. बजेटमधले दोन-तीन हजार फिटिंगसाठी बाजूला ठेवा. आणि घरी कोणी विचारलंच, ‘एवढ्या पैशात यापेक्षा भारी मिळाली नसती का?’ तर सांगा, मिळाली असती, पण ती माझ्या मापाची नव्हती.